मामांच्या बोटाला समुद्र लागला

तो डबा एसटीने आला. वनस्पती तुपाचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकण डाग देऊन बंद केलेलं, भोवती काथ्याचे चार वेढे आणि काथ्यात खोचलेली चिठ्ठी: ‘नाशवंत. तातडीचे.’ तातडीचं ते तीन दिवसांपूर्वी होतं. परभणीच्या स्टँडवर उतरलं तेव्हा नुसतं नाशवंत उरलं होतं. कंट्रोलरसाहेबांनी आमच्या ऑफिसात फोन केला आणि अगदी शांतपणे सांगितलं, “तुमचं पार्सल आलंय. तुम्ही ते घेऊन जा, नाहीतर आम्ही स्टँड सोडून जातो.”

सत्तरच्या दशकाचा मध्य, एप्रिल महिना. कापसाच्या जिनिंगच्या मागे भाड्याच्या तीन खोल्यांत जनावरांचे रोग तपासणारी आमची लहानशी प्रयोगशाळा होती. घटसर्पाने मेलेल्या म्हशीचं नळीचं हाड, गाभडलेल्या गायीचं रक्त, जिंतूरकडच्या मेंढ्यांची लेंडी, असला माल आमच्याकडे येई. मी तिथे तंत्रज्ञ म्हणून लागून सात महिने झाले होते. सोनपेठकडच्या खेड्यातली, प्राथमिक शाळेच्या मास्तरांची मुलगी. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर दोन गोष्टींत कधी तडजोड केली नाही: मुलींचं शिक्षण आणि इस्त्रीचा सदरा. मी बी.एस्सी. झाले. त्यांचा शांत स्वभाव मात्र धाकट्या बहिणीकडे गेला. माझं डोकं तापायला परभणीचं ऊन लागत नाही.

डबा आणायला मी आणि मामा गेलो. मामा म्हणजे आमचे शिपाई. पन्नाशीचे, पांढरी टोपी, पायजमा, घरची चार एकर शेती आणि पोटात मावणार नाही एवढा अनुभव. ऑफिसात सगळे त्यांना मामाच म्हणत, साहेबसुद्धा. सायकलरिक्षावाल्याने डबा पायाशी ठेवू दिला नाही, म्हणून मामांनी तो मांडीवर घेतला. वाटेत भेटलेली ओळखीची माणसं रामराम घालायला जवळ येत आणि रामराम अर्धवट टाकून मागे सरकत.

“काय हाय ह्याच्यात, बाई?” मामांनी विचारलं.

“ठाऊक न्हाई. रत्नागिरीकडून आलंय.”

“आंबे न्हाईत एवढं कळलं.”

डब्यात आंबे नव्हते. साहेबांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण डॉक्टर किनारपट्टीवर बदलून गेला होता, त्याचं पत्र होतं. किनाऱ्यावर एक गादा वाहून आला, म्हणजे डॉल्फिन. जिवंत होता, पण दुपारपर्यंत गेला. अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे लालकाळे चट्टे होते. ‘साहेब, डुकरांचा एक रोग शिकवताना आपण असेच चट्टे फळ्यावर काढले होते, ते आठवलं. काळीज, फुफ्फुस आणि बरगडीचा तुकडा पाठवत आहे. मिळाला तेवढा बर्फ घातला आहे. आमचा शिपाई कोळी आहे. असं काही बिनमिठाचं परगावी पाठवणं त्याच्या मनाला पटेना, तेव्हा मीठ त्याने लावलं आहे, कृपया माफ करावं.’

साहेब निजामाच्या अमलात नोकरीला लागलेले. आयुष्यभर हैदराबादी उर्दू आणि मराठीची त्यांनी अशी काही खिचडी केली होती की दोन्हीकडच्या लोकांना ते आपलेच वाटत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कमाल आहे. तीस साल शिकवलं. एकाला तरी शंकरपाळं याद राहिलं.”

पण नमुना टेबलावर जाण्याआधी रजिस्टरात जावा लागतो आणि रजिस्टर हेडक्लार्कांच्या ताब्यात होतं. नाकाला रुमाल लावून त्यांनी नवं पान काढलं.

“जनावराचा प्रकार?”

“डॉल्फिन,” मी म्हणाले.

“म्हणजे मासा. माशाचं काम आपल्याकडे नाही. वेगळं खातं आहे.”

“मासा नाही तो. सस्तन प्राणी आहे.”

“राहतो कुठं?”

“समुद्रात.”

“दिसतो कसा?”

“माशासारखा.” हेडक्लार्कांनी लेखणी खाली ठेवली. “बाई, परिपत्रक स्पष्ट आहे. दुधाळ आणि ओढकामाची जनावरं. हा गाडी ओढतो काय?”

आतून साहेबांचा आवाज आला, “दूध देतो.”

“कोण?”

“हाच. पिल्लाला पाजतो. म्हशीच्या दुधापेक्षा दाट.”

हेडक्लार्कांनी छताकडे बघून लेखणी पुन्हा उचलली. शेवटी ‘दुधाळ’ असं लिहिलं. पण एकदा दुधाळ म्हटल्यावर पुढचे रकानेही भरायला हवेत. कितवं वेत? कासेची अवस्था? रोजचं दूध? त्यांनी एकेक रकाना मोठ्याने वाचला आणि साहेबांनी प्रत्येकाला “माहिती उपलब्ध नाही” असं उत्तर दिलं. मालकाचे नाव व गाव, इथे हेडक्लार्क अडकले, आणि मग ‘बेवारस, रत्नागिरी’ असं लिहून मोकळे झाले.

मामा दारात उभं राहून सगळं ऐकत होते. “पण त्येचं दूध काढायचं कसं?” ते मला म्हणाले. “पाण्यात कासंला हात कसा लागंल?” दिवसभर तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. जेवणाच्या सुट्टीतही त्यांनी डबा खाता खाता हवेत दोन्ही हातांनी धार काढून पाहिली.

आता हातमोज्यांचं सांगितलं पाहिजे. प्रयोगशाळेला रबरी हातमोज्यांचा एक जोड मिळाला होता. फक्त एक. तो फाटला तर का फाटला, कुणी फाडला, हे लिहून द्यावं लागे आणि नवा कधी येईल याची खात्री नव्हती. म्हणून मामांनी तो जोड पावडर लावून, कागदात गुंडाळून कपाटात कुलूपबंद ठेवला होता. फाटू नये म्हणून तो कुणी घालायचा नाही, अशी रीतच पडली होती. वर्षातून एकदा तपासणीला अधिकारी आले की मामा तो जोड बाहेर काढत आणि अधिकारी म्हणत, वा, छान ठेवलाय. मीही सात महिने उघड्या हातांनीच काम करत होते. एवढी शिकलेली असून मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आता लिहितानाही लाज वाटते.

तर मामांनी उघड्या हातांनी डबा कापला, काळीज बाहेर काढलं, फुफ्फुस काढलं आणि बरगडीचा तुकडा काढताना त्याचं टोक उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसलं. थेंबभर रक्त. मामांनी ते पायजम्याला पुसलं, मिठाने चुरचुरलं म्हणून “हुं” केलं आणि कामाला लागले. मी काळजाच्या तुकड्याला तापल्या सुरीने वरून चटका देऊन, आतलं थोडं मेंढीचं रक्त घातलेल्या काचेच्या ताटलीवर फासलं. उन्हाळ्यात जंतू वाढवायला उबवणी पेटी लागत नसे, आमच्या खोलीतच ते काम होई.

गुरुवारी मामांचं बोट सुजलं.

त्यांचं ते बोट साधं नव्हतं. ऐन माजावरच्या म्हशीच्या मानेवर ते दाबलं की कातडीखालची शीर मामांना सापडायची, पहिल्याच खेपेला. साहेबांची सुई मामांच्या बोटाच्या मागोमाग जायची. मामा रजेवर असले की आम्ही म्हशीला चार ठिकाणी टोचायचो, म्हैस आम्हाला दोन ठिकाणी ढुशी द्यायची आणि रक्त कुणाचंच धड मिळायचं नाही. मामांना त्या बोटाचा अभिमान होता. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाला साहेब “मामा, हात लावा” असं अदबीने म्हणतात, ते त्या बोटामुळे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बोट जांभळं झालं, चकचकीत झालं आणि लालीच्या कडेला कुणी पेनने आखल्यासारखी रेघ दिसायला लागली. ठणका असा की हात खाली सोडवेना. मामा हात वर करूनच हिंडत. जिंतूरची गाडी त्यांच्यासाठी दोनदा थांबली. ऑफिसात त्यांना बघून वाटे, ह्यांना काहीतरी बोलायचंय. हेडक्लार्क सवयीने म्हणत, “हां, बोला मामा,” आणि मामा म्हणत, “काय न्हाई, बोट हाय.”

स्टँडामागच्या एका डॉक्टरांनी बोटाला चीर दिली. पू निघाला नाही. सल्फाच्या गोळ्या दिल्या. शनिवारी सूज पहिलं पेर ओलांडून खाली आली. मामा जनावरांच्या प्रयोगशाळेत काम करतात हे ऐकल्यावर डॉक्टर आणखी घाबरले. मी आणि साहेब मामांना घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, “मी गुरुवारपर्यंत बघतो. सूज पंजावर आली तर औरंगाबादला पाठवतो. तिथं बोट काढतील.”

“पेनिसिलिन देऊन बघा,” साहेब म्हणाले.

“मला पेन्सिलीन चालत न्हाई,” मामा ताडकन म्हणाले. “आमच्या चुलत्याला दिलं होतं. दारातच खल्लास.”

डॉक्टरांनी हात झटकले. एक तर जंतू कोणता ते माहीत नाही, वर पेशंट स्वतः सांगतो सोसत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? “तुमची प्रयोगशाळा आहे ना? जंतू कोणता ते मला दाखवा, मग मी हिंमत करतो.”

बाहेर आल्यावर मी मामांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा चुलत्याची हकिगत निघाली. चुलत्याला इंजेक्शन दिलं सोमवारी. ते गेले बुधवारी. आणि गेले ते बैलगाडीवरून पडून, दारात. मला इतका संताप आला की मी भर रस्त्यात ओरडले, “मामा, गाडीवरून पडले ना ते?”

“पडले. पण कामून पडले, बाई?” मामा म्हणाले.

त्या दुपारी ऑफिसच्या पायरीवर ते हात वर धरून बसले होते. शेजारी मी. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, बोट गेलं तर मला काय करायला ठिवतील? फायली वहायला? ते तर कुणी बी करंल.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. सात महिन्यांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं आणि मला भीती वाटली.

मी आत जाऊन ताटल्या काढल्या. डॉल्फिनच्या काळजाच्या ताटलीवर साखरेच्या कणाहून बारीक ठिपके उठले होते. काचेवर घेऊन रंगवले तर भिंगाखाली बारीक जांभळ्या काड्या दिसल्या. साहेब डोळा लावून किती तरी वेळ बसले. मग कपाटातून त्यांचं जुनं पुस्तक आलं. त्या जंतूचं लॅटिन नाव एवढं लांब की ते म्हणेपर्यंत रोगी बरा व्हावा. डुकरांना होतो, शंकरपाळ्यासारखे चट्टे उठतात. समुद्रातल्या सस्तन प्राण्यांना होतो. कोळ्यांच्या आणि खाटकांच्या बोटाला होतो. सडण्याने मरत नाही, मिठाने मरत नाही, सल्फाला दाद देत नाही. पेनिसिलिनने जातो.

“हाच,” मी म्हणाले.

“हाच असावा,” साहेब म्हणाले. “डॉक्टरला ‘असावा’ चालणार नाही. जिलेटिन लावा.”

जिलेटिन म्हणजे शुद्ध केलेला सरस. नळीत थिजवायचा आणि सुईवर जंतू घेऊन वरून खालपर्यंत सरळ खुपसायचा. हा जंतू असेल तर सुईच्या रेघेपासून चारी बाजूंना आडवे केस फुटतात आणि नळीत बाटली धुवायचा ब्रश उभा राहतो. डॉक्टरला बघताक्षणी कळेल असा पुरावा. पण जिलेटिन थिजलेलं राहायला बावीस-तेवीस अंश लागतात आणि बाहेर एकेचाळीस होते. टेबलावर ठेवलेली नळी पाच मिनिटांत सरबत झाली. फ्रिजमध्ये ठेवावी तर तिथल्या गारठ्यात हा जंतू नुसता झोपून राहतो. मी थर्मामीटर घेऊन ऑफिसभर फिरले. टेबलाखाली, फरशीवर, मोरीत, हेडक्लार्कांच्या ओल्या पंच्याखाली. कुठेच जमेना.

मग थर्मामीटर घेऊन मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेले आणि थांबले.

तिथे ऑफिसचा रांजण होता. वाळूत रोवलेला, गोणपाट गुंडाळलेला, मामा दिवसातून चारदा गोणपाट भिजवत. परभणीतलं सगळ्यात गार पाणी, असं साहेब म्हणायचे. ऑफिसातले सगळे जण झाकण उचलून आपापल्या हाताने पाणी घेत. मी सोडून. मी जवळ गेले की मामा लगबगीने पुढे येत, “थांबा बाई, मी देतो,” म्हणत, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढत आणि वरून माझ्या पेल्यात धार सोडत. पेला माझा, खिडकीत वेगळा ठेवलेला. इतकं प्रेमाने चालायचं की भांडायला जागाच नसे. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं. सात महिने मी ते पाणी प्यायले, कारण नोकरी नवी होती आणि उन्हाळा जुना होता. घरी मात्र सांगितलं नव्हतं. वडील दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन गेले असते.

मी मामांना म्हणाले, “मामा, ही नळी रांजणात ठेवावी लागंल. चार दिवस.”

मामा उठून उभे राहिले. हात वरच. “पेयाच्या पाण्यात?”

“तेवढं गार दुसरं काय न्हाई.”

“मी ठिवतो. आणा.” त्यांनी डावा हात पुढे केला. पण नळी उभी राहायला हवी होती, एका पेल्यात बसवून, पेल्याचा काठ तेवढा पाण्याच्या वर राहील अशी दोरीने टांगायला हवी होती, आणि एका हाताने ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी एकदा केलं, पेला तिरका झाला. दुसऱ्यांदा केलं, दोरी सुटली. हेडक्लार्क मदतीला येतील म्हणून मामांनी तिकडे पाहिलं. जंतू म्हटल्यापासून हेडक्लार्क खुर्चीसकट भिंतीला टेकले होते.

मी म्हणाले, “मी हात घालणार न्हाई, मामा. तुमी सांगितल्याबिगर घालणार न्हाई.” मी हे रागानेच म्हणाले. मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

ते बोटाकडे बघत राहिले. मग रांजणाकडे.

“घाला, बाई,” ते म्हणाले.

मी कोपरापर्यंत हात घातला. पाणी खरंच फार गार होतं.

पुढचे चार दिवस ऑफिसचं सगळं कामकाज त्या रांजणाभोवती फिरलं. पाणी प्यायला सगळे समोरच्या हॉटेलात जात आणि तिथे गेलं की चहाही होई, चहा झाला की गप्पाही होत, त्यामुळे कामाला कुणीच सापडत नसे. हेडक्लार्कांनी रांजणावर ‘पिऊ नये’ असा कागद चिकटवला, खाली सही आणि जावक क्रमांक. मंगळवारी वरचे एक अधिकारी न कळवता आले, भर दुपारी, तोंड वाळलेलं, आणि थेट रांजणाकडे चालले. साहेबांनी त्यांना वाटेतच दंडाला धरलं आणि “हुजूर, आधी चाय” म्हणत खोलीत नेलं. अधिकाऱ्यांनी तीन कप चहा घेतला आणि जाताना शेरा लिहिला की कर्मचारी आदरातिथ्यशील आहेत, मात्र पाण्याची व्यवस्था समाधानकारक नाही.

आणि मामा. डाव्या हाताने दर तासाला गोणपाट भिजवायचे. कुणी जवळून जोरात चाललं तरी “हळू, हळू” करायचे. गाभण म्हशीजवळ बसावं तसे ते रांजणाजवळ बसून असायचे. रोज संध्याकाळी मी नळी वर काढून उजेडात धरली की विचारायचे, “काय म्हणायलाय?” सोमवारी तो काहीच म्हणत नव्हता. मंगळवारी सुईच्या रेघेला धूसरपणा आला. सूज पंजाच्या कडेला येऊन टेकली होती. मी घरी जाऊन जेवले नाही.

बुधवारी सकाळी मी नळी काढली आणि ओरडून सगळ्यांना बोलावलं. रेघेच्या चारी बाजूंना बारीक पांढरे केस, आडवे, सरळ, वरपासून खालपर्यंत. साहेब आले, मामा आले, हेडक्लार्कसुद्धा चार पावलं पुढे आले.

“ब्रश हाय की हो,” मामा म्हणाले. त्यांना जंतूचं मनापासून कौतुक वाटलं.

डॉक्टरांनी नळी खिडकीशी धरून पाहिली, साहेबांचं पुस्तक पाहिलं आणि मान डोलावली. आधी कातडीत अगदी थोडं औषध टोचून बघू, म्हणाले, सोसलं तर पुढचं. आता इतकी वर्षं हजारो जनावरांना टोचताना धरणारे आमचे मामा, सुई दिसताच पांढरेफटक पडले. नर्सला सांगायला लागले, “असं न्हाई, कातडीची घडी धरा. अन् समोरून येऊ नका. बाजूनं या, बोलत बोलत या.” तरी जमेना. तेव्हा साहेबांनी मागून त्यांचे खांदे धरले, मी मान एका बाजूला वळवली आणि साहेब म्हैस चुचकारायच्या आवाजात “हां, हां, राजा” म्हणाले. मामा शांत झाले. हे कसं झालं ते कुणालाच कळलं नाही.

अर्धा तास आम्ही बाकावर बसून मामा मरतात का ते बघत होतो. ते मेले नाहीत. मग पूर्ण इंजेक्शन दिलं. शुक्रवारी ठणका थांबला. रविवारी मामा हात खाली सोडून चालत आले. सोमवारी बोटाची लाली उतरून कातडी सुरकुतली आणि त्यांनी बसल्या बसल्या आपल्याच मानेवरची शीर शोधून बघितली. सापडली. ते तोंड वळवून टोपीने डोळे पुसायला लागले, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी किनाऱ्यावर अहवाल पाठवला. त्याची नक्कल अजून माझ्याकडे आहे. जनावराच्या प्रकारापुढे ‘दुधाळ’ असंच आहे, कारण रजिस्टरात जे आहे तेच अहवालात पाहिजे, असं हेडक्लार्कांचं म्हणणं पडलं.

जुना रांजण साहेबांनी फोडायला लावला. मामांनी बाजारातून नवा आणला, वाळूत रोवला, गोणपाट गुंडाळलं, दोन दिवस मुरवून पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीने खिडकीतला माझा पेला घेतला आणि व्हरांड्यात गेले. मामा रांजणापाशीच होते. या वेळी ते पुढे आले नाहीत. त्यांनी ओगराळं माझ्यासमोर धरलं.

“घ्या बाई. आजपसून तुमीच घ्या तुमच्या हातानं.”

“चालतंय का?” मी विचारलं.

“न चालायला काय झालं? पहिल्या रांजणात चार दिस जंतू चालला. मंग तुमचा हात कामून न्हाई चालायचा?”

ते हे अगदी मनापासून म्हणाले. चेहरा उजळलेला होता. मला केवढं मोठं काही देतोय, असं त्यांना वाटत होतं आणि खरंच देतही होते. आतून हेडक्लार्क ऐकत होते, साहेब ऐकत होते. मला हसू यायला हवं होतं. पण सात महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“मामा,” मी म्हणाले, “तुमचं बोट खाणाऱ्याला तुमी आदी आत घेतलं. वाचवणारीला त्येच्या मागून.”

मामांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी बोटाकडे पाहिलं, सुरकुतलेल्या नव्या कातडीकडे. मग म्हणाले, “व्हय. तसंच झालं, बाई.” आणि थोड्या वेळाने, “लय चुकलं.”

मी ओगराळं घेतलं. माझा पेला भरून घटाघटा प्यायले. पुन्हा भरला आणि रागातच त्यांच्यापुढे धरला. मामांनी तो उजव्या हाताने घेतला, पाचही बोटांनी, आणि वरून धार न धरता तोंडाला लावून प्यायले.